सिकलसेलच्या मुलाला रक्त चढवताना: पिशवी येण्याआधीपासून पुढच्या महिनाभरापर्यंत काय काय पाहायचं

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि तिकडे नंदुरबारच्या पट्ट्यात ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरं लोकांना पाठ झाली आहेत. रिपोर्टवर एएस असेल तर मूल सिकलसेलचं वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो. एसएस म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेलं, सिकलसेलचं रुग्ण मूल; त्याच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. सिकल-बीटा थॅलेसेमिया (एका पालकाकडून सिकलचं, दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचं जनुक) असलेली मुलंही जवळपास याच वाटेनं जातात. हा लेख अशा मुलांच्या आईबाबांसाठी आहे. त्यांच्या उशाशी पिशवी लावणाऱ्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर आणि तरुण डॉक्टरांनीही तो वाचावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

रक्तानं या मुलांचे जीव वाचतात. पण प्रत्येक पिशवीसोबत परक्या माणसाच्या पेशी शरीरात येतात आणि शरीर त्या लक्षात ठेवतं. ज्या मुलाला आयुष्यात अनेकदा रक्त लागण्याची शक्यता आहे, त्याच्या बाबतीत पहिल्या पिशवीपासूनच काळजी घ्यावी लागते. दहाव्या पिशवीला जागं होऊन झालेलं नुकसान भरून निघत नाही.

पहिला प्रश्न: रक्त खरंच हवं आहे का?

सिकलसेलच्या मुलाचं हिमोग्लोबिन नेहमीच कमी असतं. अनेक एसएस मुलं 7 ते 9 च्या आसपास शाळेत जातात, खेळतात, जेवतात. नवीन डॉक्टर 7.5 हा आकडा पाहून दचकतात आणि रक्त लिहून देतात. म्हणून मूल बरं असतानाचं, म्हणजे ताप नाही, दुखणं नाही अशा वेळचं, ‘नेहमीचं हिमोग्लोबिन’ दोन-तीनदा तपासून लिहून ठेवा. आजचा आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा. नेहमी 7.8 असणाऱ्या मुलाचं आज 7.4 असेल आणि ते नीट खातपीत असेल, तर केवळ आकड्यासाठी रक्त देण्यात अर्थ नाही.

हातपाय, पाठ, छाती दुखण्याची जी कळ येते, त्या साध्या कळेलाही रक्त हा उपाय नाही. तिथे वेदनाशामक, पुरेसं पाणी, ऊब आणि ताप असेल तर प्रतिजैविक लागतं. ‘एक बाटली लावून द्या, पोराला ताकद येईल’ असा आग्रह घरच्यांकडूनच होतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्यामागची माया समजते, पण असा आग्रह धरू नका.

रक्त खरोखर लागतं ते अशा वेळी:

- पाणथरी (प्लीहा) अचानक फुगते, पोट ताणतं, मूल पांढरं पडतं आणि हिमोग्लोबिन नेहमीपेक्षा 2 किंवा त्याहून जास्त उतरतं. रक्त पाणथरीत अडकलेलं असतं. लहान वयात हे काही तासांतच जिवावर बेतू शकतं.
- पार्व्होव्हायरससारख्या संसर्गानंतर हाडांतल्या मगजात लाल पेशी तयार होणं थांबतं. हिमोग्लोबिन घसरतं आणि रेटिक्युलोसाइटचा (नव्यानं तयार झालेल्या लाल पेशींचा) आकडा वाढण्याऐवजी अगदी कमी येतो.
- ताप, खोकला, छातीत दुखणं, ऑक्सिजन उतरणं आणि एक्स-रेवर नवीन डाग.
- तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. इथे एक मिनिटही घरी थांबायचं नाही.
- भूल देऊन करायच्या शस्त्रक्रियेआधी. अशा वेळी हिमोग्लोबिन साधारण 10 पर्यंत नेतात.

हायड्रॉक्सियुरिया ही सिकलसेलची गोळी नियमित घेणाऱ्या मुलांना कळा कमी येतात आणि रक्तही कमी लागतं. रक्ताचे धोके टाळण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे रक्त लागण्याची वेळच कमी आणणं. गोळी सुरू नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे आधी विचारा.

पहिल्या पिशवीआधी: पूर्ण रक्तगट

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल, तर ही करा.

‘बी पॉझिटिव्ह’ म्हणजे आपल्याला वाटतं रक्तगट कळला. प्रत्यक्षात त्यातून फक्त ए-बी-ओ आणि डी एवढंच कळतं. लाल पेशीच्या पृष्ठभागावर आणखी कितीतरी प्रतिजनं, म्हणजे पेशी आपली की परकी हे शरीराला कळतं त्या खुणा, असतात. सिकलसेलच्या मुलांसाठी त्यातली पाच सर्वांत महत्त्वाची: मोठा सी, छोटा सी, मोठा ई, छोटा ई आणि केल. त्यानंतर किड, डफी आणि एस गटातली प्रतिजनं येतात (या ‘एस’चा सिकलच्या ‘एस’शी संबंध नाही). भारतीयांमध्ये छोटा सी आणि मोठा ई नसलेली माणसं बरीच आहेत. अशा मुलाला छोटा सी असलेलं रक्त मिळालं, तर त्याचं शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे त्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, तयार करू शकतं. वरवर पाहता त्या वेळी काहीच होत नाही. मूल हसतखेळत घरी जातं.

पुढचा भाग जास्त धोक्याचा आहे. काही महिन्यांनी ही अँटिबॉडी इतकी विरळ होते की तपासणीत दिसतच नाही. क्रॉसमॅच (मुलाचं आणि दात्याचं रक्त एकत्र करून पाहायची चाचणी) जुळतं आणि रिपोर्ट निर्धोक येतो. पण शरीराची आठवण शाबूत असते. पुन्हा तेच प्रतिजन असलेली पिशवी लागली की आठवड्याभरात अँटिबॉडी जोरात उसळते आणि आलेल्या पेशी फोडते.

यावर उपाय सोपा आहे. निदान पक्कं झालं की, मूल बरं असताना, एकही पिशवी लागण्याआधी त्याची ही सगळी प्रतिजनं तपासून घ्यायची. याला ‘एक्स्टेंडेड फिनोटाइप’ म्हणतात. थोडंसं रक्त लागतं आणि तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. एकदा रक्त चढलं की साधारण तीन महिने नमुन्यात दात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीनं उत्तर खात्रीचं येत नाही. तेव्हा डीएनएवरून करायची जीनोटाइप तपासणी कामी येते. ती रक्त चढल्यानंतरही करता येते, पण मोजक्याच ठिकाणी होते.

तालुक्याच्या ठिकाणी ही सोय बहुधा नसते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रक्तपेढीत किंवा मोठ्या रक्तकेंद्रात विचारा. गुंतागुंतीच्या नमुन्यांसाठी मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) एनआयआयएच ही रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे नमुना कसा पाठवायचा ते रक्तपेढीच्या डॉक्टरांना ठाऊक असतं. आपल्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे. अमेरिकेत रुग्ण बहुतेक आफ्रिकी वंशाचे आणि दाते बहुतेक गोरे, त्यामुळे प्रतिजनं जुळवणं तिथे फार अवघड जातं. आपल्याकडे दाता आणि रुग्ण बहुधा एकाच मातीतले असतात. जुळणारी पिशवी मिळण्याची शक्यता चांगली असते, फक्त कुणीतरी शोधायला हवी. ती शोधा असं सांगणारं कुणी नसतं, म्हणून ते तुम्ही सांगा.

याच वेळी आणखी एक काळजी. सिकलसेलचं निदान करणारा एचपीएलसीचा नमुनाही रक्त देण्याआधीच घेतलेला हवा. रक्त चढल्यावर काही महिने रिपोर्टमध्ये दात्याचं चांगलं हिमोग्लोबिन दिसतं आणि एसएस मूल कागदावर एएससारखं भासू शकतं. त्या एका कागदामुळे उपचार लांबतात. तातडीत रक्त द्यावंच लागलं तर सिस्टरनी पिशवी लावण्याआधी एक जादा ईडीटीए नळी भरून बाजूला ठेवावी. दोन्ही तपासण्या त्यातून नंतर करता येतात.

रक्ताची वही

सरकारी कार्ड असो किंवा नसो, एक जाड पुठ्ठ्याची छोटी वही करा. पहिल्या पानावर मुलाचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, पूर्ण प्रतिजनांचा रिपोर्ट चिकटवलेला, नेहमीचं हिमोग्लोबिन आणि पाणथरी बोटांच्या मापात किती लागते हे. कधी कुठली अँटिबॉडी सापडली असेल तर तिचं नाव लाल शाईत, मोठ्या अक्षरात. पुढच्या पानांवर प्रत्येक पिशवीची एक ओळ: तारीख, रुग्णालय, पिशवीचा क्रमांक, किती मिलि दिलं, आधीचं आणि नंतरचं हिमोग्लोबिन, काही त्रास झाला का.

आधी सांगितलेली विरळ होणारी अँटिबॉडी आठवते ना? जी तपासणीत दिसत नाही, ती फक्त या वहीत दिसते. एका जिल्ह्यातल्या रक्तपेढीची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात आपोआप जात नाही. वहीच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून नातेवाइकालाही पाठवून ठेवा.

रक्त कोणाचं?

आपल्याकडे पोराला रक्त लागलं की काका, मामा, बाप बाह्या सरसावून उभे राहतात. त्यांचं प्रेम खरं आहे. तरीही सिकलसेलच्या मुलासाठी जवळच्या नात्यातलं रक्त टाळायचं, आणि याला तीन कारणं आहेत.

पहिलं, नात्यातल्या अनेकांमध्ये एएस असतं. एएस दात्याचं रक्त दिलं तर आपण मुलाला पुन्हा तेच सिकल हिमोग्लोबिन देतो. आईवडील दोघंही वाहक असण्याची शक्यताच जास्त, म्हणजे नेमके तेच देण्यासाठी सर्वांत अयोग्य. दुसरं, पुढे कधी भाऊ किंवा बहिणीकडून मगज प्रत्यारोपण करायचं ठरलं, तर आधी दिलेल्या नात्यातल्या रक्तामुळे मुलाचं शरीर त्या पेशींविरुद्ध तयार झालेलं असू शकतं. तिसरं, जवळच्या नात्यातल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी क्वचित मुलाच्याच शरीरावर उलटतात. हा प्रकार दुर्मीळ आहे, पण जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. नाइलाजानं असं रक्त वापरायचंच तर ते विकिरण केलेलं, म्हणजे किरणांनी त्यातल्या पांढऱ्या पेशी निकामी केलेलं, असलं पाहिजे.

काका-मामांना सांगा, ‘रक्त जरूर द्या, पण शिबिरात द्या, ते दुसऱ्या कुणाला जाऊ दे.’ एएस व्यक्ती स्वतः निरोगी असेल तर इतर रुग्णांसाठी रक्तदान करू शकते. फक्त ते रक्त सिकलसेलच्या रुग्णाला जाता कामा नये. विदर्भासारख्या भागात म्हणूनच सिकलसेलच्या मुलाला द्यायच्या प्रत्येक पिशवीची सोल्युबिलिटी चाचणी (रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे का ते सांगणारी) व्हायला हवी. ती स्वस्त आहे आणि काही मिनिटांत होते.

बदली दाता आणा, असं सांगून अडवणूक होत असेल तर धोरण माहीत असू द्या. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या धोरणानुसार सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत द्यायचं असतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. पैसे घेऊन रक्त देणारा दाता तर कधीही आणू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून त्यावर बंदी आहे. कुठल्या रक्तपेढीत साठा आहे ते ई-रक्तकोश संकेतस्थळावर पाहता येतं.

मागणीपत्रावर काय लिहावं

डॉक्टरांसाठी हा भाग मुद्दाम थेट लिहितो. ‘पीसीव्ही एक युनिट, तातडीनं’ एवढ्यावर थांबू नका. सिकलसेल असल्याचं स्पष्ट लिहा, नाही तर रक्तपेढीला ते कळणारच नाही. मग मागणी अशी: पॅक्ड सेल (वेगळ्या केलेल्या लाल पेशी), सिकल-निगेटिव्ह, सी-ई-केल जुळवलेल्या, शक्यतो पांढऱ्या पेशी गाळलेल्या, शक्यतो दहा दिवसांच्या आतल्या. क्रॉसमॅच कूम्ब्स फेजपर्यंत, फक्त सलाईनमध्ये नको. सोबत अँटिबॉडी स्क्रीन. गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलं असेल तर नमुना तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही.

लहान मुलाला अख्खी पिशवी लागत नाही. एकाच दात्याची पिशवी बंद नळीतून छोट्या पिशव्यांत विभागून घेता येते. एकच भाग लगेच वापरून उरलेला त्याच मुलासाठी राखून ठेवला, तर दोन वेळांना मिळून दाता एकच राहतो.

जुळणारं रक्त मिळेपर्यंत थांबायला वेळ नसेल, पाणथरी फुगली आहे, मूल थंड पडत चाललं आहे, अशा वेळी ए-बी-ओ आणि डी जुळलेलं, क्रॉसमॅच केलेलं रक्त घ्यायचं आणि जीव वाचवायचा. वहीत तशी नोंद करायची.

नमुना आणि नावाचा घोळ

चुकीच्या गटाचं रक्त जाण्याचं कारण प्रयोगशाळेपेक्षा पलंगाजवळ जास्त सापडतं. एकाच वॉर्डात दोन मडावी, दोन आत्राम असणं आमच्याकडे रोजचं आहे. सिस्टरनी ‘हा सूरज ना?’ असं विचारलं की थकलेली आई ‘हो’ म्हणून मोकळी होते, समोरचा प्रश्न नीट ऐकलेलाही नसतो. विचारायचं ते असं: ‘बाळाचं पूर्ण नाव सांगा. वडिलांचं नाव? गाव?’ उत्तर तिच्या तोंडून आलं पाहिजे. नळीवर नाव, नोंदणी क्रमांक, तारीख पलंगाजवळच लिहायची, रक्त काढल्यावर लगेच. आधी लेबल लावून ठेवलेल्या रिकाम्या नळ्या ट्रेमध्ये नकोत.

पिशवी आल्यावर दोघांनी मिळून, मुलाच्या पलंगाशी उभं राहून, मोठ्यानं वाचायचं: मनगटपट्टीवरचं नाव आणि क्रमांक, पिशवीच्या टॅगवरचं नाव आणि क्रमांक, दोन्हींचा गट, पिशवीचा क्रमांक, मुदत. पिशवी गळते का, रक्ताचा रंग काळपट किंवा जांभळट आहे का, गुठळी दिसते का. एक अक्षर जरी जुळलं नाही तरी परत. पालकांनी तिथे उभं राहून ऐकावं. सिस्टरनी त्याचा राग मानू नये.

पिशवी फ्रिजमधून आल्यावर अर्ध्या तासात सुरू करायची आणि चार तासांत संपवायची. गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवून ती कोमट करायची नाही. नळी गाळणी असलेली रक्ताचीच हवी. त्याच नळीतून कुठलंही औषध नको, आणि सोबत फक्त नॉर्मल सलाईन चालतं. ग्लुकोज किंवा रिंगर लॅक्टेट नाही.

किती आणि किती वेगानं

हिशेब असा: वजन किलोमध्ये, गुणिले हिमोग्लोबिन किती वाढवायचं, गुणिले 4. सोळा किलोच्या मुलाचं 5.5 वरून 8.5 करायचं असेल तर 16 × 3 × 4, म्हणजे 192 मिलि. एका वेळी बहुधा 10 ते 15 मिलि प्रतिकिलो दिलं जातं आणि ते तीन-चार तासांत.

इथे एक मर्यादा कधीही ओलांडायची नाही. शरीरात सिकल पेशी भरपूर असताना हिमोग्लोबिन 10 च्या वर नेलं, तर रक्त दाट होतं आणि मेंदूतला प्रवाह अडखळू शकतो. ‘चांगलं बारापर्यंत नेऊ’ हा उत्साह या आजारात घातक आहे.

पाणथरी फुगलेल्या मुलाच्या बाबतीत आणखी हात आखडता घ्यायचा. आधी 3 ते 5 मिलि प्रतिकिलो एवढंच, मग पुन्हा हिमोग्लोबिन पाहायचं. रक्त मिळाल्यावर पाणथरी सैल पडते, अडकलेलं रक्त आपणहून अंगात परत येतं आणि आकडा हिशेबापेक्षा वर उडी मारतो.

ज्याचं हिमोग्लोबिन महिनोनमहिने खाली राहून हळूहळू 4-5 वर आलं आहे, त्याचं हृदय आधीच जास्त राबत असतं. अशा मुलाला वेगानं रक्त दिलं तर फुप्फुसात पाणी साठतं. छोट्या भागांत, संथ द्यायचं, आणि श्वास मोजत राहायचं. अर्धांगवायू किंवा छातीचा गंभीर त्रास असेल तर नुसतं भर घालून भागत नाही. मुलाचं रक्त काढून त्याजागी दुसरं द्यावं लागतं. मोठ्या केंद्रात हे यंत्रावर होतं, हातानंही करता येतं, पण सरावलेल्या हातानंच.

पिशवी चालू असताना

सुरू करण्याआधी ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन लिहून घ्या. पहिली 15 मिनिटं अगदी हळू, आणि त्या वेळात सिस्टरनी मुलाजवळून हलू नये. ताप 1 अंश सेल्सिअसनं वाढून 38 च्या वर गेला, थंडी वाजली, अंगावर पित्त उठलं, कंबर किंवा छाती दुखली, मूल अस्वस्थ झालं, लघवी लाल झाली, तर रक्त तिथेच थांबवा. सुई काढू नका. नवीन नळीनं सलाईन चालू ठेवा. नावं पुन्हा जुळवा, डॉक्टरांना बोलवा, पिशवी आणि नळी न फेकता रक्तपेढीत परत पाठवा.

घरी गेल्यावर पहिले चार आठवडे

सिकलसेलमधला सर्वांत फसवा धोका इथे आहे, आणि याबद्दल डिस्चार्ज कार्डावर बहुधा एक ओळही नसते. रक्त चढल्यानंतर 28 दिवसांत, बहुतेकदा पाचव्या ते पंधराव्या दिवसादरम्यान, मुलाला पुन्हा कळ येते. ताप येतो, डोळे पिवळे होतात, मूल मलूल पडतं आणि लघवी काळ्या चहासारखी होते. घरच्यांना वाटतं नेहमीची कळ. डॉक्टरांनाही तसंच वाटतं. हिमोग्लोबिन कमी दिसतं म्हणून आणखी एक पिशवी लावली जाते आणि तीसुद्धा फुटते. कधीकधी दात्याच्या पेशींबरोबर मुलाच्या स्वतःच्या पेशीही फुटतात आणि हिमोग्लोबिन रक्त देण्याआधी होतं त्याच्याही खाली जातं.

म्हणून महिनाभर रोज लघवीचा रंग पाहा. गडद झाली की वही घेऊन रुग्णालय गाठा आणि पहिलं वाक्य हे बोला: ‘याला अमुक तारखेला रक्त चढलं आहे.’ डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट, बिलिरुबिन, एलडीएच, डायरेक्ट कूम्ब्स, नवीन अँटिबॉडी स्क्रीन आणि एचपीएलसी पाहावं. एचपीएलसीत दात्याचं हिमोग्लोबिन अपेक्षेपेक्षा झपाट्यानं गायब झालेलं दिसलं तर संशय पक्का होतो. अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह आली तरी हा प्रकार नाकारता येत नाही. अशा वेळी जिवाला धोका नसेल तर पुढचं रक्त थांबवून मोठ्या केंद्राशी बोलायचं. तिथे स्टिरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिनचा विचार होतो.

वारंवार रक्त लागणाऱ्या मुलांसाठी

दोन ते सोळा वर्षांच्या एसएस मुलांची मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी दरवर्षी करतात. वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर अर्धांगवायूचा धोका मोठा असतो. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त देऊन सिकल हिमोग्लोबिन 30 टक्क्यांच्या खाली ठेवलं तर तो धोका खूपच घटतो, हे 1998 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात सिद्ध झालं. पण मग लोह साठतं. एका मिलि पॅक्ड सेलमध्ये साधारण 1 मिलिग्रॅम लोह असतं आणि ते बाहेर टाकायची शरीराकडे सोय नाही. दहा-वीस पिशव्या झाल्या किंवा फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 1000 च्या वर राहिलं की लोह काढणाऱ्या औषधाबद्दल विचारा. अशक्तपणा दिसतो म्हणून लोहाच्या गोळ्या आपल्या मनानं देऊ नका. शाळेत वाटल्या जातात त्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

रक्तपेढ्यांत एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस (गरमी) आणि मलेरिया यांची तपासणी सक्तीची आहे. तरी संसर्गाच्या अगदी सुरुवातीचे दिवस चाचणीतून निसटू शकतात. कावीळ बी ची लस पूर्ण करा, आणि नियमित रक्त घेणाऱ्या मुलाच्या या चाचण्या वर्षातून एकदा करा.

मूल आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहत असेल तर वहीच्या पहिल्या पानाची झेरॉक्स अधीक्षकांकडे द्या. रक्त चढवून मूल परत शाळेत गेलं की त्याच कागदावर रक्ताची तारीख आणि त्यापुढच्या 28 व्या दिवसाची तारीख लिहा. त्या दोन तारखांच्या मध्ये ताप, पिवळे डोळे किंवा गडद लघवी दिसली तर घरी निरोप धाडत बसू नका, थेट रुग्णालयात न्या, एवढं अधीक्षकांना तोंडी सांगा आणि मुलालाही शिकवून ठेवा. सात-आठ वर्षांचं मूल आपल्या लघवीचा रंग नीट सांगू शकतं.